रान उठवणारा

"आधी ते बंदुकीचं सामान माझ्या टेबलावरून उचल," मी म्हटलं. "माणसं जेवतात इथं."

"कोण जेवतंय?" डेलमर म्हणाला आणि रिव्हॉल्व्हरची नळी पुसत राहिला.

बोलणं खरं होतं म्हणून मला जास्तच राग आला. महिनाभर आमच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं. चर्चमधल्या बायका रोज झाकलेली भांडी आणून देत होत्या. बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं, म्हणजे भांडं परत आलं पाहिजे. फ्रीजमधे बोट शिरायला जागा नव्हती. त्यातलं निम्मं मी कुत्र्याला घालत होते. घरात तब्येत सुधारली ती एकट्या कुत्र्याची.

डेलमर माझा धाकटा दीर. मार्चमधे त्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून डावा हात खांद्यापासून नुसता लोंबतो. रिव्हॉल्व्हर दोन गुडघ्यांत धरून उजव्या हातानं तो नळीत काडीला गुंडाळलेली चिंधी फिरवत होता. लांब बंदूक आता त्याला पेलत नाही. म्हणून ऑगस्टमधे तालुक्याच्या गावी जाऊन हे एका हातात मावणारं धूड तो घेऊन आला. माझा नवरा व्हर्जिल तेव्हा पोट धरून हसला होता. "आणि काउबॉय, घोडा कुठं बांधलायस?" असं विचारलं होतं. ऑगस्टमधे त्याला नुसती पाठदुखी होती.

"काय चाललंय रे तिकडं?" बाहेरच्या खोलीतून व्हर्जिलचा आवाज आला. नोव्हेंबरपासून त्याची खाट आम्ही तिथं खिडकीशी मांडली होती. आवाज पुसट झाला होता, पण टोमणा मारायचा असला की कुठून तरी बळ यायचं. "नवरा-बायकोसारखे भांडताय. मी अजून गेलो नाहीये."

"तू गेल्यावर मी याच्याशी लग्न करीन असं वाटलं की काय तुला?" मी ओरडले. "लिंडमनांच्या एका भावानं मला पुरेसं छळलंय."

तिकडून हसल्यासारखा खोकला आला. डेलमर कानापर्यंत लाल झाला. सदुसष्टाव्या वर्षी हा माणूस असल्या गोष्टीला लाजतो. लग्न त्यानं केलंच नाही. दुधाची गाडी चालवली. सगळ्या तालुक्यातले गोठे फिरून दूध गोळा करायचं आणि डेअरीत पोचवायचं, हिमवादळ असो की देवाचा वार असो. गोठे बंद पडत गेले तशी गाडीही बंद झाली, आणि डेलमर आमच्या कोठारामागच्या दोन खोल्यांत राहू लागला. त्याच्याबद्दल सांगायचं म्हटलं तर एवढंच. लोक तर एवढंही सांगत नाहीत. "व्हर्जिलचा भाऊ," म्हणतात आणि पुढं जातात.

परवा जोलीन आली होती. जोलीन म्हणजे नर्स. तिनं मला स्वयंपाकघरात घेऊन सांगितलं, "आता पथ्यबिथ्य काही नाही. मागतील ते द्या. नाही खाल्लं तर आग्रह करू नका. पुढं गिळवणारही नाही." मी जाऊन विचारलं, आइस्क्रीम देऊ? बटाट्याचं सूप? शेजारच्या बेव्हर्लीनं अ‍ॅपल पाय दिलाय, त्यातला तुकडा? प्रत्येकाला तोंड भिंतीकडं. मग संध्याकाळी डेलमर येऊन बसला, तेव्हा व्हर्जिल त्याला म्हणाला, "डेल, हृदय मिळालं तर खाईन."

हरणाचं. लिंडमनांच्या घरात हरीण पडलं की त्याच संध्याकाळी हृदय तव्यावर पडतं. मिठाच्या पाण्यात बुडवून रक्त काढायचं, काप करायचे, पिठात घोळवून लोण्यात कांद्याबरोबर परतायचे. बाकीचं मांस मग हिवाळाभर कुणी कसंही खावो. कलेजी मात्र व्हर्जिल तोंडाला लावत नाही. ते मांजराचं खाणं, म्हणतो.

व्हर्जिलनं डेलमरला आयुष्यभर कामं सांगितली. हे आण, ते धर, कुंपण बघून ये. मागितलं असं कधी काही नव्हतं. डेलमर म्हणाला, "आणतो." एवढंच म्हणाला आणि ताडकन उठून गेला. मी खिडकीतून पाहिलं तर अंगणात उभा राहून उजव्या बाहीनं नाक पुसत होता.

काल दिवसभर वारं असं सुटलं होतं की कुत्रासुद्धा दाराबाहेर जाईना. आज शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस. आज नाही तर पुढच्या डिसेंबरात, आणि पुढचा डिसेंबर आमच्या घरात कुणी धरलेला नव्हता.

---

आमच्याकडं हरीण एकट्यानं मारत नाहीत. निदान लिंडमन मारत नव्हते. ओढ्याकाठची झाडी लांब आणि अरुंद आहे. तिच्या एका टोकाला बंदुका घेऊन उभं राहायचं, आणि बाकीच्यांनी दुसऱ्या टोकानं आरडाओरडा करत आत शिरायचं, रान उठवायचं. सासरे, त्यांचे भाऊ, चुलतभाऊ, जावई असे सगळे जमायचे, अंगण गाड्यांनी भरून जायचं. आता त्यातले निम्मे मेले आणि निम्मे म्हातारपणी उन्हासाठी अ‍ॅरिझोनाला गेले. दोन्हीत फारसा फरक आहे असं मला वाटत नाही. कुणी परत येत नाही.

डेलमर कायम रान उठवायला. त्यालाही कारण होतं. एकोणीस वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा बंदूक देऊन टोकाला उभं केलं. हरीण दिसताच पोरानं घाईनं बार काढला. पलीकडून कोण येतंय हे बघितलंच नाही. पलीकडून व्हर्जिल येत होता. गोळी त्याच्या टोपीच्या वर वीतभर, एल्मच्या खोडात घुसली. सासरे चालत आले, एक शब्द बोलले नाहीत, डेलमरच्या हातातून बंदूक काढून घेतली. "उद्यापासून तू रान उठव," म्हणाले. तो उद्या काही संपला नाही. व्हर्जिल ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायचा, आणि सगळे हसायचे. डेलमरही हसायचा. इतरांपेक्षा जरा उशिरा हसायचा.

"पण रान कोण उठवणार?" निघताना आम्ही व्हर्जिलपाशी गेलो तेव्हा त्यानं विचारलं. मी त्याचं शिकारीचं जुनं नारिंगी जाकीट घालून उभी होते, गुडघ्यापर्यंत येत होतं.

"मी," मी म्हटलं. "परवाना काढलाय रीतसर."

व्हर्जिलनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बिचारी हरणं," म्हणाला. मग डेलमरकडं वळला. "ए, तिच्यावर गोळी झाडू नकोस हं. मला जेवायला कोण घालेल?"

"तू जेवतोस कुठं, मेल्या," मी म्हटलं आणि पांघरूण नीट केलं. पांघरुणाखाली पाय हाताला लागले. काठ्या नुसत्या. मी तशीच वळून बाहेर पडले, कारण बेव्हर्ली विणकाम घेऊन येऊन बसली होती आणि तिच्यासमोर मला रडायचं नव्हतं. बेव्हर्ली म्हणजे शेजारच्या रोलँडची बायको. तिच्यासमोर रडलं की ते रविवारपर्यंत सगळ्या चर्चला कळतं.

---

डेलमर तळ्याच्या बांधाशी बसला. तिथं झाडी चिंचोळी होते आणि कुंपण जवळ येतं. जुनी बादली पालथी घातलेली, पाठ खांबाला टेकलेली, समोर बेचक्याची काठी रोवून तिच्यावर रिव्हॉल्व्हर टेकवलेलं. दुबळा हात त्यानं मफलरनं पोटाशी बांधून घेतला होता. ऑगस्टपासून रोज तो कोठारामागं कागदाच्या बश्यांवर नेम धरत होता. बशीच्या मधोमध पेन्सिलीनं छोटा गोल काढायचा आणि ठो. मला वाटायचं, चला, वेळ जातोय बिचाऱ्याचा.

"तू तिकडच्या टोकानं शिर," तो म्हणाला. "आवाज करत ये. आणि मार्लिस, घाई करू नकोस. बर्फाखाली ओंडके आहेत."

"चाळीस वर्षं या जमिनीवर राहतेय. ओंडके मला ओळखतात."

ओळखत नव्हते. दुसऱ्याच पावलाला मी आडवी झाले. बर्फावर वरून कडक पापुद्रा धरला होता, पाय आत गेला की मांडीपर्यंत जायचा आणि काढताना बूट तिथंच राहायला बघायचा. वर आभाळ भांडी धुतलेल्या पाण्यासारखं. मी "हो! हो!" करत निघाले. आमचे पुरुष तसंच ओरडायचे. पण एकट्या बाईनं त्या रानात "हो हो" करणं मला भलतंच वेडगळ वाटायला लागलं, तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलायला लागले. आधी बर्फाला शिव्या दिल्या. मग पाठदुखीवर मलम लिहून देणाऱ्या त्या डॉक्टरला दिल्या, चांगल्या पोटभर. मग देवाला दोन शब्द ऐकवले. मग व्हर्जिलची पाळी आली. माणसानं सांगू नये? दुखतंय तर दुखतंय म्हणू नये? उन्हाळाभर गवताच्या गठड्या उचलत होतास, गाढवा, आणि मी शेकायला गरम पाण्याची पिशवी देत होते! आता मी या घरात कुणाशी भांडू? मी खूप मोठ्यानं ओरडत होते. झाडांवरचं बर्फ खाली पडत होतं. घरात मला एवढं ओरडता आलं नसतं.

पुढं कुठंतरी काटक्या मोडल्या. राखाडी अंगं झाडांतून सरकली, शेपट्यांचे पांढरे झेंडे वर झाले. तीन हरणी, सरळ बांधाकडं. मी थांबले, श्वास धरला, कानांत बोटं घातली.

काहीच झालं नाही.

मी धडपडत झाडीबाहेर आले तर डेलमर बादलीवर तसाच बसलेला. समोर बर्फात खुरांचे ताजे ठसे, त्याच्या बुटांपासून काही पावलांवर.

"अरे आल्या होत्या ना?"

"आल्या होत्या. इथं उभ्या राहिल्या होत्या. तिघीही."

"मग?"

"तू मागं होतीस."

"मी कुठल्या कुठं मागं होते!"

"मागंच होतीस ना," तो म्हणाला. "सरळ रेषेत."

माझा तोल गेला. पायमोजे भिजले होते, गुडघा सोलवटला होता, घरी माझा नवरा मरत होता, आणि हा माणूस समोर आलेलं ताट ढकलून बसला होता. "म्हणूनच तुला जन्मभर..." मी म्हटलं आणि जीभ चावली.

"रान उठवायला लावलं. बोल की." तो रागावलेला नव्हता. "बाबांचं चुकलं नव्हतं, मार्लिस. मी ती गोळी अजून ऐकतो. खोडात गेली तो आवाज. लोकांना त्याचं हसू येतं, ठीक आहे." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तू व्हर्जिलला काय काय बोललीस ते सगळं ऐकू आलं इथं."

"मग विसरून जा."

"हो," तो म्हणाला.

आम्ही थर्मासमधली कॉफी प्यायलो. त्याचं टोपण मी उघडून दिलं. सूर्य दिसत नव्हता, पण उजेड खाली चालला होता. कायद्यानं अंधार पडला की हंगाम संपला.

"आता ओढ्यातून नको येऊस," डेलमर म्हणाला. "वरच्या मक्याच्या शेतातून ये, आडवी. ओरडू नकोस. नुसती चाल. मधेच खोकलीस तरी पुरे. ओरडलं की ती पळतात. आणि नुसतं चाललं की ओढ्यात उतरून बांधाखालून निघतात, माझ्या डाव्या अंगाला. तिथं मागं टेकाड आहे, गोळी मातीत जाईल."

"इतकं ठाऊक आहे तर कधी सांगितलं नाहीस कुणाला?"

"मला कोण विचारणार? मी मागून चालायचो." तो हसला. "मागून चालताना दिसतं ना, कुठं वळतात ते."

मी मक्याच्या धसकटांतून चालत गेले. ओरडायचं नाही म्हटल्यावर रानात फार शांत वाटलं, आणि शांत वाटल्यावर जास्त वाईट वाटायला लागलं. मी मधेच खोकले. माझं खोकणं व्हर्जिलच्या खोकल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा खोकले नाही.

बार झाला. एकच. आमच्याकडं म्हणतात, एक बार म्हणजे मांस, दोन म्हणजे बघू, तीन म्हणजे नुसता आवाज. मी उभी राहून वाट पाहिली. दुसरा झाला नाही. मग मी पळाले. या वयात, त्या बुटांनी, पळाले.

---

हरणी बांधाखाली पडली होती. धावली असेल ती अगदी थोडी. डेलमर तिच्यापाशी गुडघ्यावर बसला होता, टोपी बर्फात पडलेली, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "बघ," तो म्हणाला. "मार्लिस, बघ. जिथं नेम धरला तिथंच. एक बोटसुद्धा इकडं नाही." मी त्याच्या डोक्यावर टोपी घातली आणि का कोण जाणे, त्याच्या गालाचा मुका घेतला. तो पुन्हा लाल झाला.

उजेड होता तोवर काम उरकायचं होतं. सुरी माझ्या हातात. त्यानं पायानं तिची तंगडी दाबून धरली आणि मी पोट उघडलं. वाफ वर आली. आतडी बाहेर ओढली, कलेजी अखंड निघाली, चकचकीत. मग मी बाह्या वर करून फासळ्यांच्या आत हात घातला, कोपरापर्यंत. आत ऊब होती. दिवसभरात पहिल्यांदा माझी बोटं सैल झाली.

"लागलं हाताला?" डेलमर पुढं वाकला होता.

लागलं. आणि हाताला लागताक्षणी मला कळलं. मी बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं, कारण लपवून काही उपयोग नव्हता. वरचा गड्डा तेवढा धड होता. खाली चिंध्या. गोळी बरोबर मधून गेली होती.

डेलमर बघत राहिला. "मी तिथंच मारली," तो म्हणाला. "हृदयावर. ऑगस्टपासून तिथंच मारायला शिकत होतो. जखमी होऊन पळालं तर एका हातानं मी कुठं शोधणार होतो... म्हणून हृदयावर."

लिंडमनांच्या पोरांना हे चालता येण्याआधी शिकवतात. हृदय खायचंय तर वीतभर मागं मार, फुफ्फुसात. व्हर्जिलनं आमच्या मुलीलासुद्धा शिकवलं होतं, जिनं पुढं बंदुकीला कधी हात लावला नाही. मलासुद्धा ठाऊक होतं, स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून. डेलमरला ठाऊक नव्हतं. रान उठवणाऱ्याला कशाला कोण शिकवेल?

मी ते त्याला सांगितलं. सांगायला नको होतं की काय कुणास ठाऊक, पण त्यानं विचारलं, "मग कुठं मारायची असते?" आणि मी बोट ठेवून दाखवलं.

तो बर्फात बसला आणि रडायला लागला. मोठा माणूस, एका हातानं तोंड झाकतो तर दुसरी बाजू उघडी राहते. "एक काम सांगितलं त्यानं," म्हणत होता. "एक काम, मार्लिस. अख्ख्या जन्मात एक."

"डेल, ऊठ. ऐक. रोलँडच्या फ्रीजरमधे असेल. त्यानं थँक्सगिव्हिंगला दोन पाडलीत. बेव्हर्लीला विचारते. कापून तव्यावर टाकल्यावर कुणाच्या हरणाचं ते कुणाला कळणार आहे?"

त्यानं मान हलवली. "विचारेल तो. कुठं लागली म्हणून विचारेलच."

"मग सांग, फुफ्फुसात."

"मला खोटं बोलता येत नाही त्याच्याशी. कधीच आलेलं नाही."

हे खरं होतं. मला येतं, त्याला येत नाही. मी तो गड्डा आणि चिंध्यांतले जरा बरे तुकडे पिशवीत गोळा केले, हात बर्फानं घासले. हरणी प्लास्टिकच्या घसरगाडीवर चढवली. मी दोरी ओढली, तो मागून खांद्यानं रेटत होता. वाटेत दोघंही बोललो नाही.

---

आम्ही पोचलो तशी बेव्हर्ली तिच्या घरी गेली. हाडांचे बारीक कण, केस, काळं रक्त, सगळं वेचून काढता काढता मिठाचं पाणी मी तीनदा बदललं. उरलं ते बशीभरसुद्धा नव्हतं. माझ्या बिडाच्या तव्याला ते तुकडे अगदीच लहान दिसत होते, म्हणून मी कांदा जास्त घातला. डेलमर दाराशी उभा होता, जाकीट न काढता, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

कांद्याचा वास गेला आणि आतून हाक आली. "काय गं? पडलं?"

"पडलं," मी म्हटलं. "उठून बस."

बसवला त्याला, मागं तीन उश्या लावून. तोंड मेणासारखं झालं होतं, पण डोळे दाराकडं. डेलमर आत येऊन खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"किती बार?"

"एक."

"एक!" व्हर्जिलनं माझ्याकडं पाहिलं, मी मान डोलावली. "कुठं लागली?"

"हृदयात," तो म्हणाला.

खिडकीबाहेर कुत्रा हरणीभोवती फिरत भुंकत होता. व्हर्जिलनं मी आणून ठेवलेल्या बशीकडं पाहिलं.

"अरे जरा मागं मारायची असते. वीतभर मागं. हृदय न्यायचंय तर..."

"हो. मार्लिसनं सांगितलं."

"मार्लिसनं? आणि तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"असं कसं ठाऊक नव्हतं? बाबांनी..."

"बाबांनी नाही सांगितलं."

"मग मी..." व्हर्जिल थांबला. कपाळाला आठी पडली, आठवत होता. मी सगळ्या संसारात त्याला शब्द शोधताना पाहिलं नव्हतं, त्याच्याकडं ते नेहमी तयार असायचे. "मीही नाही सांगितलं?"

"नाही रे. तसा प्रसंगच आला नाही."

व्हर्जिलनं मान उशीवर टाकली. छताकडं बघत राहिला. मला वाटलं दमला, झोपणार. मी बशी परत न्यायला उचलली.

"कुठं नेतेस?" तो म्हणाला. "आण इकडं. आणि तू तिथं काय उभा आहेस खांबासारखा? ती खुर्ची ओढ. जवळ."

मी तुकड्यांचे आणखी लहान तुकडे केले, दोघांच्याही बश्यांत. डेलमरलाही आता कापता येत नाही. व्हर्जिलनं काटा स्वतःच्या हातात घेतला. एक तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिला. खूप वेळ चावत राहिला. त्याचा जबडा हलताना कानशिलापर्यंत सगळं दिसत होतं.

"कांदा करपवलास," तो मला म्हणाला.

"तुझं कौतुक पुरे."

"पण मांस चांगलंय." मग डेलमरला म्हणाला, "एका हातानं. अख्ख्या झाडीत बाबांनी एवढं नेमकं कधी मारलेलं मी पाहिलं नाही. खरं सांगतो."

डेलमरनं बशीत बघितलं.

तेवढ्यात व्हर्जिलनं कागदी रुमाल तोंडाशी नेला, ओठ पुसल्यासारखं केलं आणि मूठ मिटून पांघरुणाखाली नेली. गिळवत नव्हतं त्याला. जोलीननं सांगितलंच होतं, आता गिळवणार नाही. मी पाहिलं. मी डेलमरकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं होतं. तो लगेच खिडकीकडं वळला आणि कुत्र्याकडं बघत म्हणाला, "आणखी वाढू?"

"वाढ की. एवढ्यानं काय होतंय?"

डेलमरनं आपल्या बशीतला एक तुकडा काट्यानं त्याच्या बशीत ठेवला. व्हर्जिलनं तो तोंडात घातला, डोळे मिटून चावला, आणि पुन्हा हात तोंडाशी नेला. डेलमर खिडकीबाहेर बघत होता.

"आणखी?"

"हो. टाक."

मी व्हर्जिलच्या मुठीतला भरलेला रुमाल काढून घेतला आणि दुसरा कोरा त्याच्या हाताशी ठेवला.